फ्लेक्सचं मशीन घेताना: नव्याने दुकान टाकणाऱ्यांसाठी

फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान टाकायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला फोन मशीन विकणाऱ्याला जातो. तो फोन जरा लांबवा. डीलर तुम्हाला वेग, रुंदी आणि हप्ता सांगेल, आणि हे सगळं ऐकायला छानच वाटतं. पण दुकान चालणार की बसणार हे बरंचसं त्या तिन्हींच्या बाहेर ठरतं. तुमच्याकडे काम कसलं येतं, मशीनमध्ये शाई उडवणारं हेड कुठलं आहे आणि मशीन अडलं तर सुधारणारा माणूस किती तासांत दारात उभा राहतो, हे आधी बघायचं. खाली त्याच क्रमाने जाऊ.

आधी बिलबुक उघडा

बरेच जण आधी एक कॉम्प्युटर, कोरलड्रॉ आणि मराठी फॉन्ट एवढ्यावर काम घेतात आणि छपाई जिल्ह्याच्या ठिकाणी जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर पैसे देऊन, करून आणतात. तुम्ही त्यातले असाल तर नशीबवान आहात, कारण तुमच्याकडे खरा हिशेब आहे. मागच्या वर्षाची बिलं काढा आणि तीन रकाने करा: माप, मटेरियल, महिना. वाढदिवस, श्रद्धांजली, दहीहंडी, शिवजयंती, ‘भावी नगरसेवक’ हे सगळं साधं फ्रंटलिट, म्हणजे समोरून उजेड पडणाऱ्या, फ्लेक्सचं काम. दुकानाच्या पाट्या, सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पाटीवर) चिकटवलेलं व्हिनिल, काचेवरचं वन-वे व्हिजन (बारीक भोकांचं स्टिकर), गाडीवरचे स्टिकर, दवाखान्यातले माहितीफलक हा दुसरा गट. या दोन गटांना लागणारी मशीनं वेगळी असतात, म्हणून वजन कुठल्या बाजूला आहे ते आकड्यांत कळायला हवं.

आता एक कडू गणित. समजा महिन्याला तुमचं ८,००० चौरस फुटांचं काम बाहेर छापलं जातं आणि स्वतः छापल्यावर शाई-मटेरियल वजा जाता फुटामागे ३ रुपये वाचतात. म्हणजे हाती आले २४,०००. त्यातून ऑपरेटरचा पगार, वीज, जागेचं भाडं आणि बँकेचा हप्ता काढून बघा. निघत नाही ना? मग अजून वर्षभर जॉबवर्कच बरं. हाच हिशेब तुमच्या भागातल्या खऱ्या दरांनी करा आणि त्यात निवडणुकीचं वर्ष धरू नका. निवडणुकीत प्रत्येक मशीन रात्रंदिवस चालतं. पितृपक्षात त्याच मशीनवर धूळ बसते. हप्ता पितृपक्षातही भरावाच लागतो.

सॉल्व्हंट की इको-सॉल्व्हंट

सॉल्व्हंट शाई फ्लेक्सच्या पीव्हीसीला किंचित विरघळवून आत मुरते. म्हणून लॅमिनेशन न करताही ती ऊन-पाऊस सोसते. शाई स्वस्त, मटेरियल स्वस्त, वेग चांगला. रस्त्यावरून वाचायच्या बॅनरला दुसरं काही लागत नाही. ही मशीनं बहुधा ३.२ मीटर म्हणजे साडेदहा फूट रुंद असतात, त्यामुळे १० फुटी रोल आरामात बसतो.

इको-सॉल्व्हंटची मशीनं साधारण ५-६ फुटी. थेंब बारीक, रंग मऊ, जवळून वाचायच्या कामाला योग्य. व्हिनिल, कॅनव्हास, दुकानातली जाहिरात हे त्यांचं क्षेत्र. पण वेग कमी, शाई महाग, आणि घासलं जाणाऱ्या कामावर लॅमिनेशन लागतं. छापल्यावर व्हिनिलला निदान २४ तास मोकळी हवा द्यायची आणि मग लॅमिनेट करायचं. घाई केली तर शाईतला द्रव आत कोंडतो आणि स्टिकरच्या कडा उचलायला लागतात. आणि ‘इको’ या नावावर जाऊ नका. तीही सॉल्व्हंटच आहे. वास कमी येतो म्हणून खोली बंद ठेवून चालत नाही.

लॅटेक्स (पाण्यावर आधारित शाईची) आणि यूव्ही (अतिनील प्रकाशाने शाई सुकवणारी) मशीनंही बाजारात आहेत. सॉल्व्हंटच्या वाफेची कटकट नाही, माल लगेच हातावेगळा होतो. पण पहिलं मशीन म्हणून, तेही साध्या फ्लेक्सच्या दरात धंदा करायचा असेल तर, त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

दोन्ही गटांचं काम निम्मं-निम्मं असेल तर? जे काम जास्त नियमित आहे त्याचं मशीन घ्या आणि दुसरं जॉबवर्कवर ठेवा. एकाच मशीनवर दोन्ही छान निघतं असं सांगणारा विक्रेता भेटेलच. त्याला ४२ पिकोलिटरच्या, म्हणजे जाड थेंबाच्या, मशीनवर पासपोर्ट फोटोएवढा चेहरा छापून दाखवायला सांगा.

हेड

मशीनचा सांगाडा, मोटर, पट्टे हे सगळं कमीअधिक सारखंच असतं. पैसे जातात ते हेडमध्ये, आणि पुढची दुखणीही तिथूनच निघतात. हेड म्हणजे बारीक छिद्रांची पट्टी. वीज मिळाली की आतला पिझो घटक आकार बदलतो आणि एकेका छिद्रातून म्हणजे नोझलमधून शाईचा थेंब उडतो. थेंबाचं माप पिकोलिटरमध्ये सांगतात.

आपल्याकडच्या १० फुटी मशीनमध्ये कोनिका मिनोल्टाचं ५१२ आणि ५१२आय हे हेड फार चालतं. नोझल ५१२, थेंब ४२ किंवा ३० पिकोलिटर. १४ पिकोलिटरचाही प्रकार येतो. कोनिकाच्याच १०२४आयमध्ये नोझल दुप्पट. शिवाय स्पेक्ट्राचं पोलारिस १५ आणि ३५ पिकोलिटरमध्ये, आणि सेइकोचं ५१० आहे ३५ किंवा ५० पिकोलिटरचं. वीस फुटांवरून वाचायच्या बॅनरला ३० ते ५० पिकोलिटर पुरेसं आहे. थेंब जितका बारीक तितकं नोझल नाजूक आणि तितकी निगा जास्त, हे लक्षात ठेवूनच १४-१५ च्या मोहात पडा.

इको-सॉल्व्हंटमध्ये राज्य एप्सनचं. जुनं डीएक्स ५ म्हणजे १४४० नोझल, एक्सपी ६०० म्हणजे १०८० आणि आय ३२०० म्हणजे ३२००. एक्सपी ६०० मुळात टेबलावरच्या छोट्या प्रिंटरसाठी बनलेलं. स्वस्त पडतं म्हणून मोठ्या मशीनला लावलं जातं आणि आयुष्यही त्या मानाने असतं. वाईट नव्हे, पण ‘झिजणारा सुटा भाग’ म्हणून त्याचे पैसे हिशेबात धरा. आय ३२०० घेताना मागचं अक्षर बघा: ई१ हे इको-सॉल्व्हंटसाठी, ए१ पाण्याच्या शाईसाठी, यू१ यूव्हीसाठी. ए१ मध्ये सॉल्व्हंट घातली तर हेड फार दिवस टिकत नाही. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेल्या हेडवर हे अक्षर आवर्जून तपासा.

डीलरला विचारायचे प्रश्न असे. हेड नवं आहे की ‘रिफर्बिश्ड’? त्याचा सीरियल नंबर बिलावर लिहून देणार का? हेडवर वॉरंटी आहे का? बहुतेक वेळा मशीनवर वर्षभराची वॉरंटी असते आणि हेड त्यातून वगळलेलं असतं, तेही बारीक अक्षरांत. आज एक हेड बदलायला किती रुपये लागतील, हा आकडा कोटेशनवरच मागा. चार हेडच्या मशीनमध्ये दोन-तीन वर्षांत एखादं हेड जाईलच असं धरून दरमहा काही रक्कम बाजूला काढत जा.

नोझल चेक वाचायला शिका

मशीन बघायला जाण्याआधी एवढं एक कौशल्य हाती असू द्या. नोझल चेक छापला की प्रत्येक नोझलची एक बारीक रेघ पडते आणि सगळ्या रेघा मिळून पायऱ्यांची जाळी दिसते. भिंग घ्या, मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी चालेल. जिथे रेघ नाही तिथे नोझल बंद. जिथे रेघ आहे पण शेजारणीला चिकटली आहे तिथे थेंब वाकडा पडतोय.

आता पर्ज करून, म्हणजे शाई दाबाने बाहेर काढून, हेड हलक्या हाताने पुसून पुन्हा छापा. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी तीच रेघ गायब असेल तर ते नोझल घट्ट बंद आहे किंवा मेलेलं आहे. दर वेळी वेगळ्याच रेघा गायब होत असतील तर हेडला दोष देऊ नका. नळीत हवा शिरली आहे, डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) किंवा फिल्टर तुंबला आहे किंवा शाईचा दाब बरोबर नाही. पहिलं दुखणं महागडं, दुसरं बहुतेकदा स्वस्तातलं. वापरलेलं मशीन घेताना किमतीची घासाघीस या एका कागदावर होऊ शकते.

पिवळ्या रंगाचा नोझल चेक पांढऱ्या फ्लेक्सवर डोळ्यांना नीट दिसत नाही आणि नेमका तिथेच दोष लपतो. त्यावर निळा प्रकाश टाका. मोबाइलच्या स्क्रीनवर पूर्ण निळं चित्र उघडून धरलं तरी रेघा काळपट दिसू लागतात.

ब्रोशरमधला वेग

ब्रोशरमधला मोठ्या अक्षरातला आकडा सर्वात कमी पासचा असतो, बहुधा दोन पासचा. पास म्हणजे तीच जागा भरायला हेड किती वेळा फिरलं ते. दोन पासमध्ये छापलेल्या गडद निळ्या पार्श्वभूमीवर आडवे पट्टे दिसतात आणि गिऱ्हाईक ते घेत नाही. तुमचं रोजचं काम तीन-चार पासवर चालणार. शिवाय आकडा चौरस मीटरमध्ये असतो. चौरस फूट काढायला १०.७६ ने गुणा. ताशी १०० चौरस मीटर म्हणजे १,०७६ चौरस फूट. चार पासला त्याचे निम्मे धरा, रोल लावणं, हेड पुसणं, फाइल रिप करणं (मशीनला कळेल अशा रूपात आणणं) यात आणखी वेळ जाणार. तरीही दिवसाच्या कामाला तो वेग पुरतो का, एवढंच बघायचं. पुरत असेल तर जास्त हेडच्या मशीनला जास्त पैसे कशाला? आठ हेड म्हणजे वेग दुप्पट, आणि हेड जाण्याच्या शक्यताही दुप्पट.

जागा, वीज, हवा

१० फुटी मशीनची एकूण लांबी १५-१६ फुटांच्या घरात जाते आणि वजन पाऊण-एक टन. जिना, दार, वळण मोजून ठेवा. पहिल्या मजल्यावरची स्वस्त जागा घेतली आणि मशीनसाठी क्रेन आणून खिडकी फोडावी लागली, असे प्रकार होतात. रोलचाही विचार करा. ३.२ मीटर रुंद, ५० मीटर लांब, २८० जीएसएमच्या (चौरस मीटरला २८० ग्रॅम) फ्लेक्सचा रोल ४५ किलोच्या आसपास भरतो. तो उचलून फिरवायला मशीनच्या दोन्ही टोकांना माणूस उभा राहील एवढी जागा हवी, आणि समोर बॅनर अंथरून आयलेट (दोरीसाठीच्या कड्या) ठोकायला, पॉकेट (काठी घालायची दुमड) मारायला मोकळी फरशी.

विजेचं काम मशीन येण्याआधी संपवा. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज आधी. मशीनसाठी अर्थिंगचा खड्डा वेगळा. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला लावा. तो २ व्होल्टच्या आत असावा. अर्थिंग खराब असेल तर हेड-बोर्ड जळतात, उन्हाळ्यात फ्लेक्सवर स्थिर वीज साठते आणि शाईचे थेंब फवाऱ्यासारखे भलतीकडे उडतात. बोर्ड आणि कॅरेज (हेड वाहून नेणारा भाग) ऑनलाइन यूपीएसवर, हीटर आणि ड्रायर सरळ लाइनवर. लोडशेडिंगच्या गावात हे फार महत्त्वाचं आहे. छपाई चालू असताना वीज गेली की हेड उघडं राहतं आणि शाई नोझलमध्येच वाळते.

हवेचं गणित जागेप्रमाणे बदलतं. खोली २० ते २८ अंश आणि आर्द्रता ४० ते ६५ टक्के असावी. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता याच्या वर जाते. छपाई सुकत नाही आणि गुंडाळलेला बॅनर एकमेकांना चिकटतो. विदर्भात मे महिन्यात उलटी तऱ्हा, नोझल बघता बघता कोरडे पडतात. दोन्हीकडे एसी लागतो, कारणं मात्र वेगळी.

एक्झॉस्टबद्दल बहुतेक दुकानांत एकच चूक दिसते: पंखा छताजवळ लावलेला असतो. सॉल्व्हंट शाईतल्या सायक्लोहेक्झॅनोनची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, ती खाली बसते. खेचणारा पंखा जमिनीपासून हातभर उंचीवर लावा आणि समोरच्या बाजूने ताजी हवा येऊ द्या. ही वाफ पेट घेते. शाईचे कॅन हीटरपासून, देवाच्या दिव्यापासून आणि विडी-सिगारेटपासून दूर. ऑपरेटरला हातमोजे आणि सेंद्रिय वाफेचा मास्क द्या. कापडी रुमालाने ही वाफ अडत नाही.

डेमोला स्वतःची फाइल न्या

डीलरकडचं पोपटाचं किंवा फळांचं चित्र कुठल्याही मशीनवर सुंदर निघतं. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये या गोष्टी हव्यात: पूर्ण रुंदीभर गडद निळा आणि गडद लाल सपाट रंग, करड्या रंगाची फिकट ते गडद छटा, एक सावळा आणि एक गोरा चेहरा, काळ्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत ‘राष्ट्रीय’, ‘कार्यकर्त्यांच्या’, ‘शुभेच्छुक’ असे शब्द. देवनागरीत रफार, अनुस्वार आणि उकार शाईने बुजतात, इंग्रजी अक्षरांवर हा दोष कळतच नाही. अक्षरं कर्व्हमध्ये बदलून न्या, नाहीतर तिथल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नाही म्हणून अर्धा तास जाईल.

छापून झाल्यावर पट्टा गुंडाळून घरी न्यायच्या आधी तिथेच तपासा. डाव्या कडेचा तुकडा कापून उजव्या कडेला लावा: रंग एकच दिसतो का? होर्डिंगचे पट्टे जोडताना हाच फरक सांध्यावर उठून दिसतो. २० फुटांची रेघ छापून टेपने मोजा. ती २० फूट २ इंच भरली तर स्टेप, म्हणजे दर फेरीला मटेरियल पुढे सरकण्याचं माप, बिघडली आहे. ती सुधारते, पण त्यांनी तुमच्यासमोर सुधारून दाखवावी. उभी बारीक रेघ दातेरी दिसली तर जाता-येताना छापण्याचा मेळ बसलेला नाही.

रिप सॉफ्टवेअर कुठलं देतात, डोंगल (ते चालवायची यूएसबी किल्ली) मूळ आहे का, आणि तुम्ही वापरणार त्या फ्लेक्सचं प्रोफाइल (रंगांचं सेटिंग) बनवून देणार का, हेही तिथेच विचारा. भगवा रंग हे आपल्याकडचं मोठं दुखणं आहे. प्रोफाइल नीट नसेल तर भगव्याचा कधी केशरी होतो, कधी विटकरी, आणि मंडळाचा कार्यकर्ता बॅनर परत आणून टाकतो.

वापरलेलं मशीन बघायला जाणार असाल तर मालकाला आदल्या दिवशी सांगा की सकाळी मी आल्याशिवाय चालू करू नका. रात्रभर बंद राहिलेल्या मशीनचा पहिला नोझल चेक खरं बोलतो. तासभर आधी पर्ज करून तयार ठेवलेलं मशीन कुणीही दाखवेल.

दुरुस्तीवाला आणि करार

तुमच्या जिल्ह्यातल्या दुकानांत फिरून कुठली मशीनं आहेत ते बघा. डीलरने दिलेल्या नावांखेरीज दोन-तीन मालकांशी बोला आणि विचारा की शेवटचं मशीन बंद पडलं तेव्हा माणूस किती दिवसांनी आला, आणि शाईचा एक कॅन किती फूट जातो. ज्या मशीनची तुमच्या भागात चार-पाच दुकानं आहेत ते मशीन चांगलं नसलं तरी परवडतं, कारण तंत्रज्ञाची फेरी तिकडे होतच असते. पुण्या-मुंबईत उत्तम ठरलेलं, पण तुमच्या बाजूला एकटंच असलेलं मशीन गणपतीच्या आठवड्यात अडलं तर कठीण.

कोटेशनवर हे लिहून हवं: हेडचा प्रकार आणि नंबर, बसवणी आणि प्रशिक्षणाचे दिवस, तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार, वॉरंटीनंतरच्या वार्षिक कराराचा दर, शाई त्यांचीच घ्यायची सक्ती आहे का. सुरुवातीला सक्ती असली तरी कबूल करा. दोन कंपन्यांची शाई एकमेकांत मिसळली तर गाठी होऊन नळ्या आणि हेड दोन्ही जातात, आणि फुटामागे वाचलेले पैसे त्यात बुडतात.

कर्जासाठी मुद्रा, पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम बघा. जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर मारा. अनुदानाचे पैसे उशिरा येतात, तेव्हा हप्ता त्यांच्या भरवशावर ठरवू नका.

कायद्याचं थोडं

१ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे, त्यामुळे रोल घेताना जाडी विचारा. निवडणुकीच्या पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकावा लागतो, आणि छापण्याआधी प्रकाशकाचं सही केलेलं, दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र घ्यावं लागतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२७अ हे सांगतं आणि मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘भाऊ ओळखीचे आहेत’ म्हणून ते सोडू नका.

होर्डिंगचा सांगाडा उभारण्याची कामं सुरुवातीला घेऊच नयेत. १३ मे २०२४ ला घाटकोपरला कोसळलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता, जिथे पालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. त्यात १७ माणसं गेली. तुम्ही छापून द्या. लावण्याची परवानगी आणि सांगाडा ज्याचा त्याने बघावा, आणि तसं बिलावर लिहा.

मशीन आल्यावरचे पहिले आठवडे

बसवणी करणारा तंत्रज्ञ असताना हेड पुसणं, पर्ज करणं, कॅपिंग (हेड झाकणारी टोपी) साफ करणं, स्टेप आणि बाय-डायरेक्शन (जाता-येताना छापण्याचा मेळ) जुळवणं हे तुम्ही स्वतः, तुमच्या हाताने करून घ्या. नुसता ऑपरेटर शिकला तर तो सोडून गेला त्या दिवशी दुकान बंद. तंत्रज्ञ जाण्याआधी सगळ्या सेटिंगचे फोटो काढा: हेडचे व्होल्टेज, हीटरचं तापमान, स्टेपचे आकडे.

रोज सकाळी नोझल चेक छापून त्यावर तारीख टाका आणि फाइलला लावा. काम नसलं तरी चारही रंगांची एक पट्टी रोज छापायची. संध्याकाळी वायपर पुसा आणि कंपनीने सांगितल्याप्रमाणे हेड सॉल्व्हंटमध्ये भिजतं ठेवा किंवा कॅप करा. यात्रा, लग्न किंवा दिवाळीसाठी चार-पाच दिवस दुकान बंद राहणार असेल तर कॅन आणि नळ्या तशाच सोडून जाऊ नका. हेडमधून फ्लशिंगचं द्रावण फिरवून, हेड ओलं ठेवून जा, आणि आल्यावर पहिल्या पर्जमध्ये शाई पूर्ण आल्याशिवाय गिऱ्हाइकाचा जॉब लावू नका.